लाल शिक्क्यामागचा कायदा

चीनशी व्यवहार करणाऱ्यांनी प्रा. जेरोम कोहेन यांची कारकीर्द का समजून घ्यावी?

आपल्यापैकी कितीतरी व्यापारी चीनचा माल आणतात. कुणी हार्डवेअर आणतो, कुणी खेळणी, कुणी इमिटेशन दागिन्यांचे सुटे भाग, कुणी शिलाईयंत्रे, तर कुणी यंत्रमागाचे स्पेअर पार्ट. माल पसंत पडतो, भाव ठरतो, काही रक्कम आगाऊ जाते आणि हातात एक पानी प्रोफॉर्मा बिल येते. त्याच्या खाली गोल लाल शिक्का असतो. मध्ये पाच टोकांचा तारा आणि कडेने चिनी अक्षरे. त्या अक्षरांत कोणत्या कंपनीचे नाव आहे, हे आपल्याला वाचता येत नाही. माल चांगला आला तर कुणी त्याकडे पाहतही नाही. माल खराब निघाला, किंवा आलाच नाही, की तो कागद घेऊन आपण वकिलाकडे धावतो. वकीलसाहेबांचा पहिला प्रश्न असतो, "हा शिक्का कोणाचा?"

हा प्रश्न पैसे पाठवण्यापूर्वी विचारायला हवा होता. पण विचारणार कोणाला? समोरच्या देशाचा कायदा जाणणारा माणूस आपल्या बाजारात सापडत नाही. असा माणूस तयार व्हायला किती वर्षे लागतात आणि तो तयार झाला की त्याचा उपयोग किती होतो, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील प्रा. जेरोम अ‍ॅलन कोहेन यांच्या कारकिर्दीकडे पाहावे. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चीनचा कायदा हा विषय अमेरिकेच्या विद्यापीठांत रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते.

तिसाव्या वर्षी नवी भाषा

कोहेन यांचा जन्म १९३० साली न्यू जर्सी राज्यात झाला. येल विद्यापीठात ते शिकले आणि १९५५ साली तेथूनच कायद्याची पदवी घेतली. त्यानंतर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात प्रथम सरन्यायाधीश अर्ल वॉरन आणि पुढे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. इतके झाल्यावर अमेरिकेतला कोणताही तरुण वकील मोठ्या फर्ममध्ये बसून पैसा मिळवतो. कोहेन शिक्षकी पेशात आले आणि १९५९ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे कायदा शिकवू लागले.

त्याच सुमारास रॉकफेलर फाउंडेशनने चीनचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या कायद्याच्या प्राध्यापकासाठी चार वर्षांची मदत देऊ केली. कोहेन यांनी ती स्वीकारली. १९६० साली, वयाची तिशी गाठल्यावर, त्यांनी चिनी भाषेची मुळाक्षरे नव्हे, तर मुळाक्षरेच नसलेली ती भाषा शिकायला घेतली. एकेक चित्राक्षर घोटून पाठ करायचे. अनेकांना हा वेडेपणा वाटला. अमेरिका आणि चीन यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते. व्यापार बंद होता. अमेरिकन नागरिकाला चीनमध्ये पाऊल ठेवता येत नव्हते. ज्या देशात जाता येत नाही, ज्याच्याशी एका डॉलरचा सौदा होत नाही, त्या देशाचा कायदा शिकून करायचे काय?

शिवाय चीनमध्ये तेव्हा कायदा म्हणावा असे उरले तरी काय होते? १९५७ च्या मोहिमेत वकिलांचा पेशा मोडून पडला होता. १९५९ साली तेथील न्याय मंत्रालयच बंद करण्यात आले. सारे कारखाने आणि दुकाने सरकारी किंवा सामूहिक मालकीची झाली होती. दोन कारखान्यांत करार व्हायचा तो वरून आलेल्या योजनेप्रमाणे. सौदा, नफा, भरपाई हे शब्द बाजूला पडले होते.

दार बंद, म्हणून हाँगकाँग

कोहेन यांनी यातून वाट काढली. चीनमध्ये जाता येत नाही, तर चीनमधून बाहेर पडलेल्या माणसांना भेटायचे. १९६३-६४ साली ते हाँगकाँगला राहिले. ब्रिटिशांच्या ताब्यातील त्या शहरात मुख्य भूमीवरून निसटून आलेले हजारो लोक होते. कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, कुणी पोलीस खात्यात काम केलेला. कोहेन त्यांना समोर बसवून विचारीत: तुमच्या गल्लीत भांडण झाले तर ते कोण मिटवीत असे? माणसाला पकडून नेले तर घरच्यांना काय सांगत? शिक्षा कोण ठरवीत असे? छापील कायद्यात जे सापडत नव्हते, ते या माणसांच्या तोंडून कळले.

ही जुळवाजुळव करून त्यांनी १९४९ ते १९६३ या काळातील चीनच्या फौजदारी प्रक्रियेवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १९६८ साली हार्वर्ड विद्यापीठाने छापला. त्याआधीच, १९६४ साली, ते हार्वर्डला शिकवायला आले होते. तेथे त्यांनी पूर्व आशियाई कायद्याच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा केला आणि चीनबरोबर जपान, तैवान व कोरियातील विद्यार्थ्यांनाही जागा दिली. तैवानचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले मा यिंग-जिऊ आणि उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या अ‍ॅनेट लू हे दोघेही हार्वर्डमधील त्यांचे विद्यार्थी. हे दोघे परस्परविरोधी पक्षांचे, पण गुरू एकच.

१९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि परिस्थिती पालटली. त्याच वर्षी कोहेन यांनाही चीनला जाता आले आणि पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याबरोबर भोजनाचा योग आला. बारा वर्षे ज्या देशाचा अभ्यास केला, तो त्यांनी तेव्हा प्रथम डोळ्यांनी पाहिला.

दार उघडले तेव्हा तयार कोण होता?

डिसेंबर १९७८ मध्ये चीनने आर्थिक सुधारणांचा मार्ग धरला. जुलै १९७९ मध्ये परकीय भांडवलाच्या संयुक्त कंपन्यांसाठी कायदा झाला. त्यात अवघी १५ कलमे होती! एवढ्या तुटपुंज्या कायद्यावर परदेशी कंपन्या लाखो डॉलर गुंतवणार कशा? कायदा जेथे मुका राहतो तेथे करारच बोलला पाहिजे. करार लिहायचा तर दोन्ही बाजूंना त्याची समज हवी. चीनच्या अधिकाऱ्यांनी तीस वर्षांत असे करार पाहिले नव्हते, आणि परदेशी वकिलांना चिनी भाषा येत नव्हती.

या वेळी कोहेन उपयोगी पडले. १९७९ साली बेजिंग शहराच्या आर्थिक खात्यातील अधिकाऱ्यांना त्यांनी आंतरराष्ट्रीय व्यापारी करारांचा कायदा शिकवायला घेतला, तोही चिनी भाषेत. त्या बदल्यात त्यांना बेजिंगमध्ये राहून वकिली करण्याची मुभा मिळाली. परदेशी वकिलाला तेथे रीतसर कचेरी थाटता येत नव्हती, अशा काळातली ही गोष्ट. सकाळी अधिकाऱ्यांना करार शिकवणारा माणूस संध्याकाळी परदेशी कंपनीच्या बाजूने तशाच अधिकाऱ्यांसमोर करारासाठी बसू शकत होता. दोन्ही बाजूंना तो हवा होता, कारण दोन्ही बाजूंचे बोलणे त्यालाच समजत होते.

१९८१ साली हार्वर्डची नोकरी सोडून ते एका मोठ्या अमेरिकन वकिली फर्ममध्ये भागीदार झाले आणि पुढची वर्षे चीनमधील व्यापारी करारांत घालवली. १९९० पासून ते न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवू लागले. व्यापारी तंट्यांच्या लवादांत त्यांनी काम केले आणि चीनच्या लवाद पद्धतीचे दोषही जाहीरपणे दाखवून दिले. ज्यांच्याशी धंदा करायचा त्यांना खरे बोलून दुखवायचे नाही, ही व्यापाऱ्याची नेहमीची रीत. कोहेन यांनी ती पाळली नाही.

आपण येथे हिशेब मांडून पाहावा. १९६० साली पेरले आणि १९७९ साली पीक आले. मधली एकोणीस वर्षे बाजारात त्या विद्येला गिऱ्हाईक नव्हते. पण दार उघडल्यावर शिकायला बसणाऱ्याला उशीर होतो, आणि आधी शिकून बसलेल्याला मागणी येते.

विसार की आगाऊ रक्कम?

भाषा आणि कायदा एकत्र का शिकावा लागतो, याचा एक दाखला आपल्या रोजच्या व्यवहारातलाच आहे. आपण सौदा पक्का करताना विसार देतो. चिनी करारातही असा विसार असतो, त्याला 'डिंगजिन' म्हणतात. चीनच्या दिवाणी संहितेप्रमाणे, जी १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, विसार देणाऱ्याने करार मोडला तर विसार बुडतो, आणि घेणाऱ्याने मोडला तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. हा विसार एकूण किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक धरता येत नाही.

मात्र त्याच उच्चाराचा दुसराही एक 'डिंगजिन' आहे. फक्त पहिले अक्षर वेगळे. त्याचा अर्थ नुसती नोंदणीची आगाऊ रक्कम. तेथे दुप्पट परतफेडीचा नियम नाही. कानाला दोन्ही शब्द सारखेच. कागदावर एका अक्षराचा फरक, आणि त्या फरकात आपल्या पैशाचे भवितव्य. दुभाषाने तोंडी सांगितले म्हणून सही करणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

शिक्क्याचेही तसेच आहे. चीनमध्ये कंपनीच्या सहीपेक्षा तिचा नोंदलेला शिक्का मोठा मानला जातो. कंपनीचे कायदेशीर नाव चिनी अक्षरांतले असते. व्हिजिटिंग कार्डावरचे इंग्रजी नाव तिने हौसेने घेतलेले असते. नावाच्या शेवटी 'लिमिटेड' पाहून आपण निश्चिंत होतो, पण त्या इंग्रजी नावाची कंपनी तेथील दप्तरात नोंदलेलीच नसते. २०१५ पासून तेथील प्रत्येक कंपनीला १८ अक्षर-अंकांचा एक नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक, चिनी नाव आणि शिक्क्यावरचे नाव, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. पैसे ज्या बँक खात्यात मागितले जातात तेही त्याच नावाचे हवे. खाते दुसऱ्याच नावावर असेल तर तेथेच थांबावे.

यिवूचा धडा

कोहेन यांचा पहिला मोठा ग्रंथ अटक, चौकशी आणि शिक्षा यांवर होता, व्यापारावर नव्हता. व्यापाऱ्याला त्याच्याशी काय करायचे आहे, असे कुणालाही वाटेल. पण डिसेंबर २०११ मध्ये चीनच्या यिवू शहरात जे घडले, त्याने या प्रश्नाचे उत्तर दिले. यिवू म्हणजे किरकोळ मालाची जगातली सर्वांत मोठी घाऊक पेठ. तेथे दोन भारतीयांना स्थानिक व्यापाऱ्यांनी दोन आठवडे डांबून ठेवले. ते ज्या कंपनीसाठी काम करीत, तिचा मालक देणी बुडवून पसार झाला होता. मालक सापडेना, म्हणून नोकर धरले. त्यांच्या सुटकेसाठी शांघायहून गेलेल्या भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याला न्यायालयात जमावाने घेरले आणि तो तेथेच बेशुद्ध पडला. जानेवारी २०१२ मध्ये भारतीय दूतावासाने आपल्या व्यापाऱ्यांना यिवूपासून दूर राहण्याचा इशारा दिला.

डांबून ठेवणे बेकायदा होते, यात शंका नाही. पण कायदेशीर मार्गानेही माणूस अडकू शकतो. १ जुलै २०१३ पासून लागू असलेल्या चीनच्या प्रवेश-निर्गमन कायद्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे, ज्याच्यावर दिवाणी दावा चालू आहे अशा परदेशी माणसाला देश सोडण्यास न्यायालय मनाई करू शकते. म्हणजे पैशाचा साधा तंटा आणि विमानतळावर परत फिरवले जाणे, यांत फार अंतर नाही. करार कोणाच्या नावाने केला, सही मालक म्हणून केली की नोकर म्हणून, यावर माणसाचे घरी परतणे अवलंबून राहते. आपले तरुण मुलगे एखाद्या शेठचे एजंट म्हणून तेथे जातात आणि मागेल त्या कागदावर सही करतात. त्यांच्या आईवडिलांनी हे कलम माहीत करून घ्यावे.

कोहेन यांना हे फार आधी कळले होते. त्यांच्या लेखी करार आणि कैद हे दोन वेगळे विषय नव्हते. येलमधील त्यांचा सहाध्यायी जॉन डाउनी हा अमेरिकन हेर १९५२ पासून चीनच्या तुरुंगात होता. अमेरिकेने खरे कबूल करावे म्हणून कोहेन यांनी जाहीर लेखन केले. १९७३ साली डाउनी सुटला. तैवानमध्ये लष्करी न्यायालयाने तुरुंगात टाकलेल्या अ‍ॅनेट लू १९८५ साली सुटल्या, त्यातही या गुरूचे प्रयत्न होते. २०१२ साली चेन ग्वांगचेंग हे अंध कार्यकर्ते, ज्यांनी स्वतःच कायदा शिकून गावकऱ्यांचे खटले चालवले होते, चीनमधून न्यूयॉर्क विद्यापीठात आले, तेव्हा त्यांची व्यवस्था लावण्यात कोहेन पुढे होते. वयाची ऐंशी उलटल्यावरची ही धावपळ. जेथे कैद्याला न्याय नाही तेथे व्यापाऱ्यालाही शेवटी न्याय मिळण्याची खात्री नसते, ही गोष्ट त्यांची सारी कारकीर्द सांगते.

न्यायालय की लवाद?

यातून आपल्यासाठी व्यवहारातली एक महत्त्वाची गोष्ट निघते. प्रोफॉर्मा बिलावर "तंटा मुंबई न्यायालयात" असे छापून घेतले की काम झाले, असे आपल्याला वाटते. पण भारत आणि चीन यांनी एकमेकांच्या न्यायालयांचे हुकूमनामे सरळ बजावावेत अशी सोय नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४-अ कलमाखाली ज्या देशांचे निकाल येथे थेट बजावले जातात, त्यांच्या यादीत चीन नाही. मुंबईचा हुकूमनामा घेऊन ग्वांगझोला जाणाऱ्याची वाटही तितकीच बिकट.

लवादाचे तसे नाही. परदेशी लवादांचे निवाडे मानण्याविषयीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराला भारत १९६० साली आणि चीन १९८७ साली सामील झाला. चीनला या करारापुरता मान्य देश म्हणून आपल्या सरकारने २०१२ साली राजपत्रात जाहीर केले. म्हणून मोठ्या सौद्यात लवादाचे कलम घालावे, लवाद कोणत्या शहरात आणि कोणत्या भाषेत चालेल हे त्यातच लिहावे. करार इंग्रजी आणि चिनी अशा दोन भाषांत असेल तर फरक पडल्यास कोणती प्रत खरी धरायची, हेही लिहावे. मालाचा दर्जा, नमुना, तपासणीची मुदत, उशिराचा दंड, हे चार मुद्दे चार ओळींत लिहिता येतात. त्या चार ओळी लिहायला लाज कसली? समोरचा विश्वासू आहे म्हणून आपण लिहीत नाही. पण विश्वासू माणूस लिहिण्याला कधी नाही म्हणत नाही.

पुढच्या पिढीकडे

शेवटी एक विनंती. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी हुशार निघाली की आपण डॉक्टर, इंजिनिअर यांच्यापुढे पाहत नाही. कायद्याला गेलीच तर जमिनीचे दावे आणि घरगुती भांडणे एवढेच वकिलीचे क्षेत्र मानतो. व्यापारी कायदा आणि त्याच्या जोडीला एक परकी भाषा, हा मार्ग फार थोडे घेतात. शांतिनिकेतनात १९३७ पासून चीनभवन आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी भाषा शिकवली जाते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. एकाच विद्यार्थ्याने या दोन विद्या एकत्र केल्या तर त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही.

चिनी भाषा आपल्याला जमणार नाही, असे कुणी म्हणू नये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तेव्हा त्यांना ती भाषा येत नव्हती. तेथे राहून, जखमींची सेवा करता करता ते शिकले, आणि १९४२ साली मरेपर्यंत तेथील लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलले. कोहेन यांनी तिसाव्या वर्षी सुरुवात केली. आपली मुले तर विशीच्या आत आहेत.

तोवर आपण एवढे तरी करावे. पुढचा प्रोफॉर्मा आला की पैसे पाठवण्यापूर्वी तो लाल शिक्का जाणत्याकडून वाचून घ्यावा. वाचून घेण्याची फी शंभर पेट्यांच्या मालापुढे काहीच नाही.